साठ दिवस आणि एक खार

"आरोग्य आणि अर्थ या सदरासाठी काहीतरी लिही," असे संपादकांनी मला कोजागिरीच्या कार्यक्रमात सांगितले, तेव्हा माझ्या तोंडात मसाला दुधाचा घोट होता. नाही म्हणता आले नाही. मान हलली आणि तिचा अर्थ होकार असा घेतला गेला. तेव्हा वाचकहो, आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, अर्थसल्लागार नाही आणि वकील तर मुळीच नाही. मी सांगलीहून इंजिनीअरिंग केलेली, सदतिशीतली, न्यू जर्सीत सॉफ्टवेअरचे काम करणारी एक बाई आहे. माझ्याजवळ सांगण्यासारखे आहे ते एका खारीकडून शिकलेले. तेही नाइलाजाने, कारण त्या दिवसांत खिडकीत बसण्यापलीकडे मला फारसे काम नव्हते.

१० नोव्हेंबर २०२२, गुरुवार, हा माझ्या नोकरीचा शेवटचा दिवस. त्या हिवाळ्यात आपल्यापैकी किती घरांत हे घडले ते मी सांगायला नको. कंपनीचे नाव लिहीत नाही, त्याने काही फरकही पडत नाही. मी एच-१बी वर, नवरा माझ्यामागे एच-४ वर, कन्या दुसरीत. ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब की आपला नंबर आपल्याच हयातीत येईल की नाही याची खात्री नाही. नोकरी गेली की अशा माणसाला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, आणि आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढेही नाहीत. या मुदतीत नव्या मालकाने आपल्यासाठी अर्ज दाखल करावा लागतो, किंवा दुसऱ्या एखाद्या दर्जासाठी आपण अर्ज करावा लागतो, नाहीतर सामान बांधायचे. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर मी ९ जानेवारीला लाल गोल केला. कन्येने विचारले, "आई, तेव्हा कोणाचा बर्थडे आहे?"

आई तेव्हा आमच्याकडे आलेली होती. पाच वर्षांत तिला येता आले नव्हते, कारण कराडला आजी होती, वडिलांची आई, नव्वदी ओलांडलेली, आणि तिचे सगळे आईच करायची. सप्टेंबरमध्ये आजी गेली. तेरावा झाला, पुढे महिनाभराने बाबांनीच आईला विमानात बसवले. म्हणजे आई आली ती दमलेली, रिकाम्या हातांची, आणि तीन आठवड्यांत तिच्या पुढ्यात लेकीची नोकरी गेलेली. ती काही बोलली नाही. रोज सकाळी चहा ठेवायची आणि स्वतःचे ब्लड प्रेशरचे यंत्र काढून बसायची. एके दिवशी तिने तो पट्टा माझ्या दंडाला बांधला. १५८ वर ९६.

यंत्र बिघडले असेल असे मी म्हटले. मग तिचे मोजले. तिचे १२६ वर ७८ आले. यंत्र ठीक होते.

माझा आरोग्यविमा ३० नोव्हेंबरला संपणार होता, म्हणून २८ तारखेला घाईने डॉक्टरांकडे गेले. (विम्याविषयी एक गोष्ट तेव्हा कळली ती इथेच सांगून टाकते. नोकरी गेल्यावर कोब्रा नावाच्या कायद्याखाली तोच विमा साधारणपणे अठरा महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो, पण मालकाचा वाटासुद्धा आपणच भरायचा, वर दोन टक्क्यांपर्यंत खर्च. निवड करायला साठ दिवस असतात आणि निवड केली की विमा मागच्या तारखेपासून लागू होतो, मागचे हप्तेही अर्थात भरावे लागतात. आकडा पाहून मला पुन्हा प्रेशर मोजावेसे वाटले.) डॉक्टर म्हणाल्या, एका दिवसाच्या आकड्यावरून औषध सुरू करत नाही. घरी दोन आठवडे मोजा, सकाळ-संध्याकाळ. पण नीट मोजा. आधी अर्धा तास चहा-कॉफी नको. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, दंड छातीच्या पातळीला ठेवून पाच मिनिटे गप्प बसा. बोलायचे नाही, फोन बघायचा नाही. मग मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि लिहून ठेवा. दक्षिण आशियातल्या लोकांना हृदयविकार इतरांपेक्षा लवकर गाठतो, त्यामुळे "मी अजून तरुण आहे" हे तुम्ही लोकांनी जरा कमी म्हणावे, असेही त्या म्हणाल्या.

पाच मिनिटे गप्प बसणे म्हणजे काय असते ते मला तोवर माहीत नव्हते. पहिल्या दिवशी दीड मिनिटात हात फोनकडे गेला. आईने फोन उचलून डब्यांच्या फडताळात ठेवला आणि माझी खुर्ची स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वळवली. "बाहेर बघ," म्हणाली. बाहेर ओकचे झाड, त्याखाली वाळका पाला, आणि त्या पाल्यात खार.

ही आपल्याकडची खार नव्हे. आपली, पाठीवर रामाच्या बोटांचे पट्टे असलेली, मुठीत मावेल एवढी. भीमाशंकरचा शेकरू, जो महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, तो तर या दोघींहून मोठा आणि रंगाने देखणा. इथली करडी खार अर्धा किलोच्या आसपास वजनाची, अंगापेक्षा शेपटीचाच डौल जास्त. आपण तिला रोज बघतो आणि बघत नाही. घराच्या पोटमाळ्यात शिरली तर माणूस बोलावतो, कुंडी उकरली तर शिव्या देतो. मीही तेवढेच केले होते. सात वर्षे मी त्याच खिडकीशी भांडी घासली, पण ती खार जमिनीत नेमके काय करते ते मी कधी पाहिले नव्हते.

ती काय करते ते सांगते. एक ओकफळ उचलते. पुढच्या पंजांत धरून गोल फिरवते. मग डोक्याला एक-दोन झटके देते, आपण खडखडा वाजवून नारळ बघतो ना, तसे. हा चाळा नव्हे. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात लूसिया जेकब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या तांबूस खारींवर बरीच वर्षे काम केले आहे. फळाचे वजन आणि दर्जा जोखण्याची ही रीत आहे असे त्यांचे म्हणणे. फळात अळी असेल तर खार ते साठवत नाही, तिथेच खाते, अळीसकट. चांगले असेल तर घेऊन निघते. थांबते, उकरते, फळ नाकाने आत ढकलते, माती दाबते, वर पाला ओढते. दुसरी खार जवळ असेल तर तिच्याकडे पाठ करून पुरते. कधी कधी तर नुसताच खड्डा करून, पुरल्याचे नाटक करून, फळ तोंडात ठेवूनच पुढे जाते. आई हे पाहून इतकी हसली की मला तो दिवस लक्षात आहे. आजी गेल्यानंतर मी तिचे हसणे प्रथमच ऐकले. "अगदी आमच्या शेजारच्या मामींसारखी," म्हणाली.

आता मुख्य गोष्ट. ही खार एका खड्ड्यात एकच फळ ठेवते. एका हंगामात असे खड्डे हजारांच्या घरात जातात. याच्या उलट, उत्तरेकडच्या थंड जंगलांत राहणारी लहान लाल खार आहे. ती सूचिपर्णी झाडांची बोंडे एकाच जागी रचून मोठा ढीग करते आणि तो ढीग राखण्यासाठी येईल त्याच्याशी भांडते. दोन्ही रिती हुशारीच्याच आहेत. जिला ढीग राखता येतो तिने ढीग करावा. करड्या खारीला तो राखता येत नाही, म्हणून ती विखरून ठेवते. एक खड्डा चोराच्या हाती लागला तर एक फळ जाते.

मी खुर्चीत बसून हिशोब केला. माझी बचत साधारण साठ टक्के माझ्याच कंपनीच्या शेअरमध्ये होती. दर तिमाहीला ते मिळत आणि मी विकत नसे, कारण वाढत होते. २०२२ मध्ये त्यांची किंमत निम्म्याहून खाली आली, आणि हातात न आलेले पुढचे शेअर नोकरीबरोबर गेले. पगार तिथून, विमा तिथून, देशात राहण्याचा हक्क तिथून आणि बचतही तिथेच. चारही गोष्टी एका ढिगात, आणि तो ढीग राखणे माझ्या हातात कधीच नव्हते. "सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत" हे वाक्य मी कितीदा ऐकले होते, पण मला ते दोन कंपन्यांच्या शेअरपुरते वाटत होते. आपल्यासारख्यांची नोकरीच मुळात मोठी टोपली असते, तिच्यात आणखी काही घालू नये, हे समजायला खार लागली. आता शेअर हाती आले की त्याच आठवड्यात विकते आणि रक्कम सगळ्या बाजाराच्या इंडेक्स फंडात टाकते. सहा महिन्यांचा घरखर्च साध्या बचत खात्यात ठेवला आहे. बँक बुडाली तर एफडीआयसी एका ठेवीदाराला एका बँकेत, एका प्रकारच्या मालकीवर, अडीच लाख डॉलरपर्यंत हमी देते. मार्च २०२३ मध्ये एक मोठी बँक दोन दिवसांत कोसळली तेव्हा हा आकडा सगळ्यांना पाठ झाला. आमच्यासारख्यांना तेवढी मर्यादा पुरून उरते, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

पण मला खरी थक्क करणारी गोष्ट वेगळी होती, आणि ती ओकच्या झाडात आहे.

ओकचे इथे दोन मोठे गट आहेत. लाल ओक, ज्याच्या पानांच्या टोकांना अणकुचीदार केस असतात (उत्तरेकडचा लाल ओक हा न्यू जर्सीचा राज्यवृक्ष), आणि पांढरा ओक, ज्याच्या पानांची टोके गोलसर. पांढऱ्या ओकचे फळ जमिनीवर पडले की त्याच शरदात रुजू लागते. मूळ फुटले की त्यातला साठा मुळात जातो आणि खारीच्या हाती टरफल उरते. लाल ओकचे फळ तुरट, पण हिवाळाभर निजून राहते आणि वसंतात रुजते. खारीला हा फरक कळतो. ती पांढऱ्या ओकची फळे बहुधा तिथेच खाऊन टाकते आणि लाल ओकची पुरून ठेवते. पांढरे पुरायचेच झाले तर आधी त्याच्या टोकातला अंकुर दातांनी कुरतडून काढते, म्हणजे ते रुजत नाही आणि टिकते. पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स विद्यापीठाचे मायकेल स्टील यांनी या विषयावर पुष्कळ काम केले आहे.

म्हणजे साठवण्याची अक्कल ही अर्धीच अक्कल. आधी कळले पाहिजे की हातातली वस्तू टिकणारी आहे की नाही.

आपण मराठी माणसे साठवण्यात पटाईत. आमच्या घरात दह्याचे रिकामे डबे, लग्नातल्या पिशव्या, चांगला कागद, सगळे साठते. पैशाच्या बाबतीतही मी सगळे एकाच नजरेने साठवत होते. आरोग्यखर्चासाठी पगारातून कापलेले एफएसएचे पैसे मी "वर्षाअखेरीस चष्मा करू" म्हणून ठेवले होते. हा पांढरा ओक. वर्ष संपले की त्यातले बरेचसे बुडतात, आणि नोकरी गेली तर साधारणपणे नोकरी सुटण्याआधी झालेल्या खर्चाचेच पैसे मिळतात. माझे चारशेवर डॉलर असे गेले, चष्मा जुनाच राहिला. एचएसए हा त्याचा भाऊ असावा असे नावावरून वाटते, पण तो लाल ओक आहे. ते खाते आपले असते, नोकरी गेली तरी राहते, वर्षानुवर्षे साठते. ४०१-के मधली आपली रक्कमही तशीच. मालकाने घातलेला वाटा मात्र किती वर्षांनी आपला होतो ते कागदात बघून ठेवावे. दातांची तपासणी, मॅमोग्राम, लसी, विम्यात मोफत असलेली वार्षिक तपासणी, हे सगळे पांढरे ओक. मी मागची तीन वर्षे तपासणी पुढे ढकलली होती. तेव्हाच केली असती तर १५८ हा आकडा मला आईच्या यंत्राकडून कळला नसता.

आणि रजा. माझी सतरा दिवसांची रजा साठली होती. मी ती कराडसाठी साठवत होते. आजी दर दिवाळीला फोनवर विचारायची, "कधी येतेस?" मी म्हणायची, "आजी, अशी चार दिवसांसाठी कशी येऊ, सलग तीन आठवडे मिळाले की येते." मध्ये साथीची दोन वर्षे गेली. मग व्हिसाच्या शिक्क्यासाठी तारीख मिळेना, गेले तर परत येता येईल की नाही याची भीती. कारणे खोटी नव्हती. २०२२ च्या जूनमध्ये मात्र खरेच दहा दिवस जाता आले असते, पण मी म्हटले, डिसेंबरमध्ये मोठी रजा घेऊ. सप्टेंबरमध्ये आजी गेली. नोव्हेंबरमध्ये शेवटच्या पगाराबरोबर त्या सतरा दिवसांचे पैसे आले, कंपनीच्या नियमाप्रमाणे, कर कापून. पगाराच्या त्या कागदावर ती एक वेगळी ओळ होती.

त्याच आठवड्यात आईने कढीपत्त्याची कुंडी आत घ्यायला उचलली तर मातीत एक ओकफळ निघाले. गोल टोकाचे, पांढऱ्या ओकचे. त्याला बोटभर मूळ फुटले होते. खारीकडूनही एखादे राहते.

असो. स्मरणशक्तीचा मुद्दा राहिलाच. विखरून ठेवायचे म्हणजे लक्षात ठेवायला हवे. खार नुसत्या वासावर फळे शोधते असे पूर्वी मानत. जेकब्स आणि त्यांच्या सहकारी एमिली लिमन यांनी १९९१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आठ करड्या खारींपैकी प्रत्येकीला एकटीला एका अंगणात सोडून दहा-दहा हेझलनट पुरू दिले. दोन, चार किंवा बारा दिवसांनी परत सोडले तेव्हा, जवळच इतर खारींच्या जागीही फळे असताना, प्रत्येकीने स्वतः पुरलेल्या जागांवरून जास्त फळे काढली. म्हणजे जागा आठवतात. २०१७ मध्ये मिकेल डेल्गाडो आणि जेकब्स यांनी तांबूस खारींविषयी आणखी दाखवले: एकाच ठिकाणी बसून बदाम, अक्रोड, पेकान, हेझलनट दिले तर त्या प्रत्येक जातीचे फळ वेगवेगळ्या भागात पुरतात. वाण्याच्या दुकानात डाळी एकीकडे आणि मसाले एकीकडे, तसे.

या परीक्षेत मी नापास. आधीच्या दोन नोकऱ्यांची ४०१-के खाती कुठल्या कंपनीकडे आहेत तेच आठवेना. कराडच्या बँकेतले कॉलेजपासूनचे बचत खाते अजून साधेच होते. आपण अनिवासी झालो की ते एनआरओ करावे लागते, हे मला माहीत होते आणि मी केले नव्हते. भारतातली सगळी खाती मिळून वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली तर इथल्या सरकारला एफबार नावाचा अर्ज भरून कळवावे लागते, रक्कम तिथे असली आणि व्याज किरकोळ असले तरीही. आमचे एक वर्ष राहून गेले होते, ते नंतर रीतसर दुरुस्त करून घेतले. डिसेंबरच्या एका शनिवारी नवरा आणि मी एक दोनशे पानी वही घेऊन बसलो आणि खारीसारखे जातवार लिहून काढले. इथली खाती, तिथली खाती, विमे, कर्जे, आणि प्रत्येकाचा वारस कोण. लग्नाआधी बाबांनी काढून दिलेल्या एका पॉलिसीवर नॉमिनी म्हणून आजीचे नाव निघाले. आई शेजारी भाजी निवडत होती. तिने विचारले, "आता कुणाचं घालतेस?" मी नवऱ्याकडे पाहिले. तो म्हणाला, "मला काय विचारतेस, माझं घाल." ती वही आता देवाच्या फळीवर असते. पासवर्ड तिच्यात नाहीत, हे चोरांसाठी लिहिते.

नोकरी शोधण्याचे काय चालले होते, असे तुम्ही विचाराल. शंभरावर अर्ज केले होते, सगळे मी करत होते त्याच कामासाठी, त्याच नावाच्या पदासाठी. फोन फार थोडे येत. त्या सुमारास मी इंग्लंडमधला एक प्रयोग वाचला. तिथे ही करडी खार पाहुणी आहे. १८७६ पासून हौसेने अमेरिकेतून नेऊन सोडली, आणि आता तिथल्या मूळच्या लाल खारींना तिच्यामुळे पळता भुई थोडी झाली आहे. तो इतिहास काही चांगला नाही. प्रयोग एक्सेटर विद्यापीठातला, पिझ्झा चाऊ आणि सहकाऱ्यांचा. खारींना एक पेटी दिली, योग्य दांडा हलवला की हेझलनट पडे. पहिल्या वेळी सरासरी आठ सेकंद लागले, सरावाने दोनवर आले. मग बावीस महिने ती पेटी दाखवलीच नाही. परत दिली तेव्हा तीन सेकंद लागले. पुढची गंमत अशी की दिसायला वेगळी, पण आतली युक्ती तीच अशी दुसरी पेटी दिली, तर खारी आधी बिचकल्या, जवळ जाईनात. मग पुढे होऊन जुनीच युक्ती वापरली.

ते वाचून मी बराच वेळ बिचकण्यावर विचार केला. मी पैशांच्या व्यवहारांची सॉफ्टवेअर लिहीत होते, म्हणजे एक व्यवहार दोनदा होऊ नये, मध्येच तुटला तर पुन्हा जुळावा, एवढेच माझे कसब. रुग्णालयांच्या जाहिराती मी न वाचता पुढे सरकवत होते, कारण पेटी वेगळी दिसत होती. औषधांची नोंद दोनदा होऊ नये हाही प्रश्न तोच की. अर्जाचा कागद मी पुन्हा नव्याने लिहिला, पदांची नावे काढून टाकून मी काय सोडवले ते लिहिले. २० डिसेंबरला एका रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीने होकार दिला. पगार आधीपेक्षा बारा टक्क्यांनी कमी. व्हिसाच्या अर्जाआधी कामगार खात्याची मंजुरी लागते, तिला सात कामाचे दिवस, त्यात नाताळ आणि नवे वर्ष. अर्ज ५ जानेवारीला दाखल झाला. लाल गोलाच्या चार दिवस आधी.

एवढे वाचून कोणाला वाटेल की खारीसारखे जगावे. छे. खारीची बरीचशी पिल्ले पहिले वर्षही पार करत नाहीत, आणि तिला काही हे विचार करून सुचलेले नाही, लाखो वर्षांत ज्या चुकल्या त्यांची वंशावळ उरली नाही, एवढेच. शिवाय अर्थाच्या बाबतीत तिची कीर्ती चांगली नाही. डिसेंबर १९८७ मध्ये कनेक्टिकटात एका खारीने वीज घालवली आणि नॅसडॅकचा बाजार ऐंशी मिनिटांहून अधिक बंद पडला. १९९४ च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका खारीने तेच केले, अर्ध्या तासावर. खारीचा वाटा म्हणतात तो असाही असतो.

मला तिच्याकडून घ्यायचे होते ते फार थोडे, आणि त्यातले पहिले म्हणजे ती पाच मिनिटे. दोन आठवडे मी सकाळ-संध्याकाळ खुर्चीत बसून तिला पाहिले. सुरुवातीला मनात ९ जानेवारी असायचा. मग हळूहळू खार असायची: आता उकरते, आता थांबली, आता ऐकते आहे. थंडी वाढली तशी ती सकाळी उशिरा उतरू लागली, दुपारचीच एक फेरी करून परत घरट्यात. हिवाळ्यात या खारी झोपून राहत नाहीत, पण जास्त फिरतही नाहीत. आम्ही दोघीही मग दुपारी, ऊन असताना, अर्धा तास चालायला जाऊ लागलो. लोणचे आणि पापड आईने स्वतः बंद केले, माझ्यापेक्षा तिलाच ते जड गेले. दोन आठवड्यांची वही डॉक्टरांना दाखवली. आकडे उतरले होते, पण पुरेसे नाही. १३० वर ८० च्या पुढे म्हणजे जास्तच, हे २०१७ पासून इथले माप आहे. एक लहान गोळी सुरू झाली आणि अजून चालू आहे. नुसत्या खार पाहण्याने प्रेशर गेले असे मी लिहिले असते तर लेख जास्त गोड झाला असता, पण कोणी गोळी बंद केली तर पाप मला लागेल. आता १२४ वर ७८ च्या आसपास असते.

मार्चमध्ये आई परत गेली. जाण्याआधी तिने ओंजळभर भाजलेले शेंगदाणे आणि एक अक्रोड ओट्याबाहेर ठेवले. रानातल्या जनावरांना असे घालू नये असे कन्येला शाळेत शिकवले होते, तिने आज्जीला तसे बजावलेही. आज्जीने ऐकले नाही. खारीने शेंगदाणे तिथेच फस्त केले आणि अक्रोड घेऊन कुंपणाकडे गेली. "बघ," आई म्हणाली, "तिला बरोबर कळतं."

कुंडीतले ते मुळाचे फळ आईने तेव्हाच दुसऱ्या कुंडीत लावून ठेवले होते. वसंतात त्याला चार पाने आली, गोल टोकांची. आता ते माझ्या गुडघ्याच्या वर आहे. कुंडीत ओक वाढत नाही, मूळ सरळ खाली जाते त्याचे, तेव्हा येत्या शरदात त्याला जमिनीत हलवावे लागेल. आमचे घर भाड्याचे. घरमालकांना विचारले तर ते म्हणाले, कुंपणापासून वीस फूट सोडून कुठेही लावा. जूनची तिकिटे काढली आहेत, दहाच दिवसांची, कराडची. आईने फोनवर विचारले की झाड कुठे लावणार. मी म्हटले, "तू ये, मग ठरवू." ती म्हणाली, "मी कधी येईन कोण जाणे. तू लावून टाक."